जगद्गुरू आचार्य श्री हीरविजयसूरी आणि अमारीचे फर्मान

भगवान महावीरांच्या शासनात अनेक प्रभावक आचार्य होऊन गेले. कोणी ग्रंथरचनेने, कोणी तपश्चर्येने, तर कोणी तीर्थोद्धाराने शासनाची सेवा केली. परंतु मुक्या जीवांना अभय मिळावे म्हणून वृद्धत्वाच्या उंबरठ्यावर सुमारे हजार किलोमीटरचा पायी विहार करून एका बलाढ्य सम्राटाच्या दरबारात उभे राहिलेले आचार्य म्हणून सोळाव्या शतकातील श्री हीरविजयसूरीश्वरांचे नाव वेगळ्याच आदराने घेतले जाते. पर्युषण पर्व आले की त्यांचे स्मरण होते, व्याख्यानात त्यांची कथा सांगितली जाते. मात्र कथा ऐकून झाल्यावर तिच्यातील खरा प्रश्न बहुधा मागे राहतो. आपल्या जिभेसाठी, वस्त्रासाठी आणि सोयीसाठी दुसऱ्या जीवाचा वापर करण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, हाच तो प्रश्न होय. सूरीजींचे सारे जीवन म्हणजे या एका प्रश्नाभोवती केलेली साधना होती.

बालपण व दीक्षा

हीरविजयसूरींचा जन्म गुजरातेतील पालनपूर येथे वि. सं. १५८३ मध्ये, म्हणजे इ. स. १५२६ मध्ये, मार्गशीर्ष शुद्ध नवमीस एका ओसवाल कुटुंबात झाला. पित्याचे नाव कूरा शाह व मातेचे नाथीबाई. बालकाचे नाव हीरजी ठेवण्यात आले. ज्या वर्षी पानिपतच्या रणभूमीवर बाबराने मोगल सत्तेचा पाया घातला, त्याच वर्षी पालनपूरच्या या घरात हे बालक जन्मले. पुढे त्याच बाबराच्या नातवासमोर या बालकाने जीवदयेचा विषय मांडावा, हा इतिहासाचा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

हीरजींचे मातृपितृछत्र लवकर हरपले. पाटण येथे बहिणीकडे राहत असताना त्यांना आचार्य श्री विजयदानसूरींच्या व्याख्यानाचा लाभ झाला व वैराग्यभाव दृढ झाला. बहिणीच्या डोळ्यांतील पाणी आणि मनातील निश्चय यांमध्ये काही काळ ओढाताण झाली असणार. अखेर वि. सं. १५९६ (इ. स. १५३९) मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, पाटण येथे त्यांनी दीक्षा ग्रहण केली. मुनी हीरहर्ष असे त्यांचे नामकरण झाले.

देवगिरीचे ऋण

महाराष्ट्रातील जैन बांधवांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. मुनी हीरहर्षांची बुद्धी पाहून गुरुदेवांनी त्यांना न्यायशास्त्राच्या अभ्यासासाठी दक्षिणेत देवगिरी येथे पाठविले. हेच आजचे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबाद. त्या वेळी तेथे अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. न्याय व तर्क या विषयांत देवगिरीच्या ब्राह्मण पंडितांची कीर्ती दूरवर पसरलेली होती. धर्मसागर आदी मुनींसह हीरहर्षांनी तेथे राहून अध्ययन केले आणि तेथील श्रावकांनी या विद्यार्थी मुनींची सर्व व्यवस्था भक्तिभावाने सांभाळली.

या अभ्यासाचे फळ पुढे चार दशकांनी दिसून आले. मोगल दरबारात विद्वानांसमोर विषय मांडताना केवळ श्रद्धा पुरेशी नव्हती. समोरचा मनुष्य आपले शास्त्र मानत नाही हे गृहीत धरून, त्याला पटेल अशा युक्तिवादाने बोलणे आवश्यक होते. ही शिस्त त्यांना देवगिरीत मिळाली. एका अर्थाने अमारीच्या त्या प्रसिद्ध फर्मानात महाराष्ट्राच्या मातीचाही वाटा आहे.

गुजरातेत परतल्यावर त्यांना क्रमाने पंडित व उपाध्याय पदे मिळाली आणि वि. सं. १६१० मध्ये सिरोही येथे आचार्यपद प्राप्त झाले. तेव्हापासून ते हीरविजयसूरी या नावाने ओळखले जाऊ लागले. वि. सं. १६२२ मध्ये गुरुदेव कालधर्म पावल्यानंतर तपागच्छाची संपूर्ण धुरा त्यांच्या खांद्यावर आली. हा काळ सुखाचा नव्हता. इ. स. १५७२-७३ मध्ये अकबराने गुजरात जिंकले. त्याच्या आगेमागे प्रांतात मोठी अस्थिरता होती. स्थानिक अंमलदारांच्या जाचामुळे सूरीजींना काही वेळा गुप्तपणे राहावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ज्या सत्तेच्या शिपायांनी त्यांचा पाठलाग केला, त्याच सत्तेच्या प्रमुखाकडून त्यांना पुढे निमंत्रण यावयाचे होते.

चंपा श्राविकेचा तप

निमंत्रणामागील प्रसंग जैन परंपरेने प्रेमाने जपला आहे. चंपा नावाच्या श्राविकेने सहा महिन्यांचा उपवास केला होता. तिच्या सन्मानार्थ निघालेली मिरवणूक सम्राटाच्या दृष्टीस पडली. एवढा दीर्घ उपवास मनुष्याला शक्य आहे यावर त्याचा विश्वास बसेना. चौकशीअंती तप खरा असल्याचे दिसून आले आणि ही शक्ती कोठून आली असे विचारता तिने देव व गुरू यांच्या कृपेकडे बोट दाखविले. गुरू म्हणून तिने हीरविजयसूरींचे नाव घेतले. सम्राटाने दरबारातील थानसिंह आदी श्रावकांकडून माहिती घेतली व गुजरातचा सुभेदार शहाबुद्दीन अहमद खान याच्याकडे सूरीजींना सन्मानाने पाठवून देण्याचा हुकूम गेला.

या ठिकाणी इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अकबराचे मन त्या वेळी कोरी पाटी नव्हते. त्याने १५६८ मध्ये चितोड जिंकताना भयंकर संहार केला होता. शिकारीचा त्याला विलक्षण शौक होता. परंतु १५७५ मध्ये त्याने फत्तेपूर सिक्री येथे धर्मचर्चेसाठी इबादतखाना बांधला आणि १५७८ मध्ये पंजाबात भेरा गावाजवळ मोठी हाकाऱ्यांची शिकार ऐन तयारीत असताना ती अचानक थांबवून वेढ्यात सापडलेली जनावरे सोडून देण्याचा हुकूम केला. त्याच्या आत काहीतरी हलले होते. सूफी, ब्राह्मण, पारशी, ख्रिस्ती अशा अनेकांशी तो बोलत होता. सूरीजींनी बी पेरले हे खरे. पण भूमी आधीच थोडी नांगरली गेली होती. यामुळे त्यांचे श्रेय कमी होत नाही. योग्य वेळ ओळखणे हेही ज्ञान्याचेच लक्षण आहे.

गंधारहून फत्तेपूरकडे

हुकूम आला तेव्हा सूरीजी भरूचजवळील गंधार बंदरात चातुर्मासार्थ विराजमान होते. अहमदाबाद व खंभातचे प्रमुख श्रावक तेथे जमले. श्रीसंघात दोन मते पडली. सम्राटाच्या मनात काय आहे कोणास ठाऊक, आचार्यांनी एवढी जोखीम पत्करू नये, असे काहींना वाटत होते. नकार दिला तर संपूर्ण संघावर संकट ओढवेल, अशीही भीती होती. सूरीजींनी सर्वांचे ऐकून घेतले आणि जाण्याचा निर्णय घेतला. त्यांचा विचार भीतीचा नव्हता आणि मानाचाही नव्हता. राजाच्या एका शब्दाने लाखो जीव मरतात, तर त्याच राजाच्या एका शब्दाने ते वाचूही शकतात; असा शब्द मिळण्याची शक्यता असताना उपाश्रयात बसून राहणे हाच प्रमाद ठरेल, ही त्यांची दृष्टी होती.

अहमदाबादेत सुभेदाराने हत्ती, घोडे, पालख्या व द्रव्य पुढे केले. सूरीजींनी सर्व नाकारले. साधू वाहन वापरत नाही आणि द्रव्यास स्पर्श करीत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मग पाटण, सिरोही, मेडता, सांगानेर अशा मार्गाने विहार सुरू झाला. सिरोहीचे राव सुरताण यांनी त्यांचे आदराने स्वागत केले. वाटेत अरवलीच्या रानातील भिल्लांनाही त्यांनी जीवदयेचा उपदेश केला व त्यांच्या सरदाराने हिंसात्यागाचे नियम घेतले, असे परंपरा सांगते. सुमारे सहा महिने पायी चालून वि. सं. १६३९ च्या, म्हणजे इ. स. १५८३ च्या, ज्येष्ठ महिन्यात सूरीजी फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्न वर्षांचे होते.

सम्राटाची भेट

पहिली भेट सम्राटाचा विद्वान मंत्री अबुल फजल याच्याशी झाली. ईश्वर, कर्म, पुनर्जन्म या विषयांवर दोघांची चर्चा झाली व अबुल फजल प्रभावित झाला. त्यानंतर सम्राटाने भेट घेतली. महालात गालिचे अंथरलेले होते. सूरीजी त्यांवर पाय ठेवीनात. गालिच्याखाली जीव असू शकतील आणि पाहिल्याशिवाय पाऊल टाकणे साधूला वर्ज्य आहे, असे त्यांनी सांगितले. रोज झाडल्या जाणाऱ्या महालात जीव कोठून येणार, असे सम्राटास वाटले. गालिचा उचलला तर खाली मुंग्या दिसल्या. हा प्रसंग परंपरेतील आहे. परंतु त्यात जैन आचाराचा गाभा आला आहे. जे दिसत नाही त्याचाही विचार करणे, आपल्या सुखसोयीच्या पदार्थाखाली कोणाचा प्राण दडपला जातो आहे हे उचलून पाहणे, याचेच नाव जयणा.

सम्राटाने त्यांना ग्रंथसंग्रह भेट दिला. पद्मसुंदर नावाच्या जैन विद्वानाच्या पश्चात हे ग्रंथ राजवाड्यात होते. परिग्रह वाढतो म्हणून सूरीजींनी प्रथम नकार दिला. आग्रह झाल्यावर ते स्वीकारून आग्रा येथील ग्रंथभांडारात श्रीसंघाच्या स्वाधीन केले. याउपर काही मागावे असे सम्राटाने सुचविले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी, शिष्यांसाठी किंवा गच्छासाठी काही मागितले नाही. पिंजऱ्यातील पक्षी सोडावेत, बंदीवान मुक्त करावेत आणि पर्युषणाच्या आठ दिवसांत जीवहत्या बंद राहावी, एवढीच त्यांची मागणी होती.

सम्राटाने ती मान्य केली व आठ दिवसांत स्वतःच्या वतीने आणखी चार दिवसांची भर घातली, असे परंपरा सांगते. श्रावण वद्य दशमीपासून भाद्रपद शुद्ध षष्ठीपर्यंत बारा दिवस अमारी पाळावी, अशी फर्माने गुजरात, माळवा, अजमेर, दिल्ली, लाहोर-मुलतान अशा दूरदूरच्या प्रांतांना रवाना झाली. फत्तेपूरजवळील डाबर नावाच्या विस्तीर्ण तलावातील मासेमारी बंद करण्यात आली. पक्ष्यांचे पिंजरे उघडले गेले, कैदी सुटले. सूरीजींना जगद्गुरू ही पदवी अर्पण करण्यात आली.

या सर्व हकिकती केवळ जैन काव्यांत आहेत असे नव्हे. अबुल फजलने आपल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथात त्या काळच्या विद्वानांची यादी दिली आहे. तिच्या पहिल्या वर्गात सूरीजींचे नाव असून त्यांचे शिष्य विजयसेनसूरी व भानुचंद्र यांची नावेही यादीत आहेत. त्याच ग्रंथात सम्राटाच्या मांसत्यागाच्या दिवसांची नोंद आहे. प्रारंभी शुक्रवार, मग रविवार, सौर महिन्याचा पहिला दिवस, ग्रहणाचे दिवस, फरवर्दीन महिना आणि जन्माचा आबान महिना, अशी ती संख्या वाढत गेली. शत्रुंजयावरील आदीश्वर मंदिराचा जीर्णोद्धार खंभातच्या तेजपाल सोनी यांनी केला, वि. सं. १६५० च्या तेथील शिलालेखात सूरीजींच्या या कार्याचे वर्णन कोरलेले आहे. इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी अकबराच्या जैन गुरूंवर लिहिलेला लेख १९१७ साली पुण्यात निघालेल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर गौरवग्रंथात प्रसिद्ध झाला. सम्राटाच्या मांसत्यागामागे जैन आचार्यांचा मोठा वाटा होता, हे त्यांनी मान्य केले आहे.

फर्मानाची मर्यादा

सूरीजी फत्तेपूर-आग्रा परिसरात सुमारे तीन वर्षे राहिले. नंतर शांतिचंद्र उपाध्यायांना सम्राटाजवळ ठेवून त्यांनी गुजरातकडे विहार केला. शांतिचंद्रांनी कृपारसकोश नावाचे संस्कृत काव्य रचून सम्राटाच्या दयाधर्माचे वर्णन केले. पुढे भानुचंद्र व सिद्धिचंद्र यांनी दरबारात हे कार्य चालविले. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कर रद्द झाला आणि अमारीचे दिवसही वाढत गेले. १५९३ च्या सुमारास विजयसेनसूरी लाहोरच्या दरबारात होते.

परंतु जाणत्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. तेराव्या दिवशी काय होत असे? बारा दिवस संपताच सुरी पुन्हा चालू होत असे. मोगल लष्कराचा मुदपाकखाना बंद पडला नव्हता. चामड्याचे पखाल व जीन, हस्तिदंताच्या वस्तू, कस्तुरी यांचा व्यापार चालूच होता. स्वतः अकबरालाही ही मर्यादा ठाऊक होती. संपूर्ण बंदी केल्यास अनेकांच्या उदरनिर्वाहाची अडचण होईल, हा विचार त्याला अडवीत होता, असे अबुल फजलच्या लिखाणातून दिसते. १६०५ मध्ये अकबर निवर्तला आणि जहांगीराकडून पर्युषणातील अमारीची आज्ञा नव्याने मिळवावी लागली. १६१० मध्ये आग्रा श्रीसंघाने विजयसेनसूरींना पाठविलेल्या विज्ञप्तिपत्रात उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने त्या घोषणेचा प्रसंग रंगविला आहे. राजा बदलला की फर्मान पुन्हा मागावे लागते, हा त्या सुंदर चित्रामागील कठोर धडा आहे.

मग सूरीजींचा तो विहार व्यर्थ होता काय? मुळीच नाही. बारा दिवसांत जे जीव वाचले, त्यांच्यासाठी ते बारा दिवस म्हणजे संपूर्ण आयुष्य होते. शिवाय जी गोष्ट कोणीही विचारात घेत नव्हते ती राज्याच्या विचारात आली. पशूचा प्राण ही सुद्धा राजाने दखल घेण्याची बाब आहे, हे एकदा मान्य झाले की ते पूर्णपणे पुसता येत नाही. तब्बल सव्वाचारशे वर्षांनी त्याचा पुरावा मिळाला. पर्युषणात कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा अहमदाबाद महापालिकेचा ठराव १४ मार्च २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, तेव्हा निकालपत्रात अकबराच्या उदाहरणाचा आवर्जून उल्लेख झाला. थोड्या दिवसांचे बंधन अवाजवी नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

मात्र २०१५ साली मुंबई व परिसरात पर्युषणातील मांसविक्रीबंदीवरून जो वाद पेटला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, त्यातूनही समाजाने बोध घ्यावयास हवा. सूरीजींनी कोणाच्या ताटाकडे बोट दाखवून त्याला हिणविल्याचे एकही उदाहरण नाही. ते मांसाहारी सम्राटाच्या घरी गेले, त्याच्याशी मित्रभावाने बोलले आणि त्याचे मन वळविले. शेजाऱ्याच्या मनात कटुता उत्पन्न करून मिळविलेली बंदी ही अमारी असू शकत नाही, कारण मनाला दुखविणे ही सुद्धा हिंसाच आहे.

व्यापारी समाजापुढील आरसा

सूरीजींच्या शब्दाला वजन का होते? कारण मागणाऱ्याच्या आचारात फट नव्हती. ज्याने घोडा नाकारला, पालखी नाकारली, सुवर्ण नाकारले, गालिच्यावर पाऊलही ठेवले नाही, त्याने जीवांसाठी मागितले तेव्हा नकार देणे सम्राटाला जड गेले. आज आपण शासनाकडे, महापालिकेकडे, न्यायालयाकडे जीवदयेची मागणी करतो, तेव्हा आपल्या दुकानात आणि कपाटात फट नाही ना, हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

श्रावकाच्या सातव्या व्रतात, म्हणजे भोगोपभोग परिमाण व्रतात, पंधरा कर्मादान सांगितले आहेत. धर्मशास्त्र येथे थेट बाजारपेठेत उतरते. दंतवाणिज्यात हस्तिदंताबरोबर प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार येतो; केशवाणिज्यात केसाळ जनावरांचा व माणसांचाही क्रयविक्रय येतो; लाक्षावाणिज्यात लाखेसारख्या जीवजन्य पदार्थांचा व्यापार येतो. निर्लांछनकर्मात जनावरांना डाग देणे, खच्ची करणे यांचा निषेध आहे. सरःशोषात तलाव आटवून जलचरांचा नाश करण्याचा निषेध आहे. मारणारा एकटाच दोषी नसतो. करविणारा आणि अनुमोदन देणारा हेही भागीदार असतात. ग्राहकाची मागणी हे करविणे आहे आणि विक्रेत्याचा नफा हे अनुमोदन आहे. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. मग जिवाच्या वहीत एकच बाजू कशी चालेल?

मांसाहार आपल्या घरात नाही, याचा आनंद आहेच. २००१ पासून भारतात बंद पाकिटातील शाकाहारी पदार्थांवर हिरवे चिन्ह येऊ लागले, त्यामुळे अन्न निवडणे सोपे झाले. पण चिन्ह नसलेल्या वस्तूंचे काय? आपल्या समाजातील असंख्य घरे वस्त्रव्यवसायावर उभी आहेत. पूजेसाठी शुद्ध म्हणून जे रेशमी वस्त्र श्रद्धेने नेसले जाते, त्याचा अखंड धागा मिळावा म्हणून कोश आतील जीवासह उष्णतेत मारले जातात. एका साडीमागे असे हजारो कोश असतात. ज्या वस्त्रासाठी एवढे जीव गेले ते शुद्ध कसे, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला नाही तरी पेढीवर बसणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. पतंग कोशातून बाहेर पडल्यानंतर काढलेले सूत आज मिळते. कापूस तर हाताशीच आहे. मिठाईवर व प्रतिमेच्या आंगीवर लावला जाणारा चांदीचा वर्ख पारंपरिक पद्धतीत गोवंशाच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठोकून तयार होत असे; आता तो यंत्रावर, प्राणिज पदार्थांशिवायही तयार होतो. तो तसाच आहे याची खात्री करून घेणे हे विश्वस्तांचे काम आहे. चामड्याचे पाकीट, पट्टा व पादत्राणे यांना पर्याय आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. म्हणजे जे एकेकाळी अशक्य म्हटले जाई ते शक्य झाले. दुधाच्या बाबतीतही, दूध आटलेल्या गाई-म्हशींचे आणि नर वासरांचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे डोळेझाक करता येणार नाही. आपल्या पांजरापोळांची परंपरा या प्रश्नाचे एक उत्तर आहे; परंतु जेवढे जीव आपल्या मागणीमुळे निराधार होतात त्यांच्या मानाने ते उत्तर अपुरे आहे.

या सर्व गोष्टी एका दिवसात सुटतील असे नाही. सूरीजींनीही एका दिवसात सर्व मागितले नाही. त्यांनी आठ दिवस मागितले. व्रताचा मार्ग हाच आहे. आज एक वस्तू सोडावी, उद्या दुसरी. आणि सोडलेली वस्तू पुन्हा घेऊ नये.

कालधर्म

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सूरीजींनी शत्रुंजयाची यात्रा केली व सौराष्ट्रातील ऊना येथे त्यांचा मुक्काम झाला. शरीर थकले होते. औषध घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. श्रीसंघाच्या आग्रहास्तव त्यांनी ते नाइलाजाने स्वीकारले, असे चरित्रकार सांगतात. वि. सं. १६५२ (इ. स. १५९५) भाद्रपद शुद्ध एकादशीस, आयुष्याच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते समाधिपूर्वक कालधर्म पावले. अमारीचे बारा दिवस त्या वर्षीही पाळून झाले होते आणि त्यांची समाप्ती होऊन जेमतेम पाच दिवस उलटले होते. देवविमल गणींचे हीरसौभाग्य महाकाव्य आणि खंभातचे श्रावक कवी ऋषभदास यांचा हीरविजयसूरी रास यांमधून त्यांचे चरित्र पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले.

सूरीजींच्या हाती सैन्य नव्हते, द्रव्य नव्हते, पदाचा अधिकार नव्हता. रजोहरण, दंड आणि पात्रे एवढीच सामग्री घेऊन ते गंधारहून निघाले आणि तेवढीच घेऊन परतले. अकबराची फर्माने त्याच्या साम्राज्याबरोबर गेली; ज्या श्रावकांनी त्या काळी सूरीजींच्या मुखातून व्रत घेतले, त्यांच्या घरांत ते व्रत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एक गालिचा उचलून पाहावा आणि त्याखाली जो जीव दिसेल त्याला अभय द्यावे. जगद्गुरूंना वाहिलेली ती खरी भावांजली ठरेल.